थाई बीएल सिरीजबद्दल मत कसं बनवायचं, 'बॅड बडी' समोर ठेवून

थाई बीएल, म्हणजे 'बॉईज लव्ह', दोन मुलांच्या प्रेमाची सिरीज, संपली की ग्रुपवर दोनच प्रकारची मतं पडतात, एकतर "जोडी कसली भारीये" नाहीतर "काय फालतूपणा". दोन्हीतून पुढच्याला काही कळत नाही, बघायची की नाही हेही ठरत नाही. म्हणून मी कसं तोलते ते एकाच सिरीजवर सांगते. 'बॅड बडी', जीएमएमटीव्ही या थाई कंपनीची, ऑक्टोबर 2021 ते जानेवारी 2022, 12 भाग, दिग्दर्शक ऑफ नोपर्णाच, ओम (पॅट) आणि नानॉन (प्रान) मुख्य भूमिकेत. यूट्यूबवर प्रत्येक भागाचे चार तुकडे आहेत, इंग्लिश सबटायटल्ससकट, ठाण्याहून दादरला फास्टमध्ये येताना दोन तुकडे आरामात होतात, म्हंजे बसायला मिळालं तर. पाचव्या भागाचा शेवट मात्र गाडीत बघू नका, प्लीज, घरी हेडफोन लावून बघा.

सगळ्यात आधी जोडी आणि गोष्ट वेगळी करा. थाई कंपन्या जोड्याच विकतात, तेच दोघं सिरीजमध्ये, तेच जाहिरातीत, तेच फॅनमीटला, त्यामुळे आपलं अर्धं प्रेम सिरीजच्या बाहेरूनच आलेलं असतं. सोपी कसोटी सांगते, या दोघांच्या जागी ओळखीचे नसलेले दोन चेहरे ठेवा आणि सीन उभा राहतो का बघा. पाचव्या भागातला गच्चीवरचा किस घ्या. पॅट आणि प्रान शेजारी शेजारी वाढलेत, दोन्ही घरांचं हाडवैर, शाळेत दोघं एकत्र गाणं वाजवतात हे घरी कळल्यावर प्रानला दुसऱ्या शाळेत टाकलेलं, आता कॉलेजमध्ये एक इंजिनिअरिंगला एक आर्किटेक्चरला आणि त्या दोन टोळ्यांचीही मारामारी. एवढं सगळं आधी पेरलंय, म्हणून किस झाल्यावर प्रान पॅटला तिथेच सोडून निघून जातो तेव्हा का गेला हे कोणी सांगावं लागत नाही. हे श्रेय लेखनाचं. जाताना नानॉनच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते श्रेय अभिनयाचं. मत लिहिताना ही दोन वाक्यं वेगवेगळी लिहा, बास.

मग बघा, समोरच्याने नको म्हटलं तर काय होतं. माझ्यासाठी हा मुद्दा सगळ्यात वरचा आहे, यात नापास झालेली सिरीज कितीही सुंदर शूट केलेली असली तरी मी कोणाला सुचवत नाही. 2019 च्या 'थार्नटाइप' या दुसऱ्या थाई बीएलमध्ये मर्जीविरुद्ध केलेली जवळीकही प्रेमाच्या खात्यात टाकलीये, आणि कॉलेजातली पोरं हेच बघून रोमान्स शिकतात हो. 'बॅड बडी'त दोघं बरोबरीचे आहेत, चिडवतात दोघं, लाडात येतात दोघं, यातला नवरा कोण बायको कोण असला प्रश्नच पडत नाही.

स्पॉन्सरचं लगेच मनावर घेऊ नका. कोणीतरी बाटली उघडणार, लेबल कॅमेऱ्याकडे फिरवणार, एक घोट पिऊन चव सांगणार, पैसा तिथूनच येतो. रडायच्या सीनमध्ये घुसलं तरच मार्क कापा.

उणं कुठे ते पण सरळ लिहा. पॅटची बहीण पा आणि इंक, या दोन मुलींची गोष्ट इतकी गोड सुरू होते आणि तिला वेळच दिला नाही, मला याचा खरंच राग आहे. मित्रमंडळीतले काही सीन नुसते भरतीचे.

आता बारावा भाग. गोष्ट चार वर्षं पुढे उडी मारते, आपल्याला वाटतं दोघं तुटले, मग कळतं की घरच्यांसमोर तुटल्याचं नाटक चालूये, आणि घरचेही कळूनसवरून गप्प आहेत. काही प्रेक्षकांना हा शेवट भित्रा वाटला, लपूनच राहायचं तर काय मिळवलं. इथे घाई करू नका, सिरीज कधीची आणि कुठली ते बघा. थायलंडमध्ये समलिंगी लग्नाचा कायदा 23 जानेवारी 2025 ला लागू झाला, ही त्याच्या तीन वर्षं आधीची गोष्ट. आणि आपल्याकडे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 मधून 2018 ला सुटका झाली पण 2023 ला सुप्रीम कोर्टाने लग्नाला मान्यता दिली नाही. गिरगावच्या चाळीत किंवा डोंबिवलीच्या वन बीएचकेत, जिथे फोनवर हळू बोललं तरी शेजारच्या काकूंना ऐकू जातं, तिथे वाढलेल्या माणसाला "घरच्यांना कळलंय पण कोणी तोंडाने बोलत नाही" हे अजिबात खोटं वाटत नाही. मला तरी हा शेवट भित्रा वाटला नाही. लपणं नाही खटकलं, खटकलं ते एवढंच की ती चार वर्षं दोघांनी कशी काढली, कुठे भेटले, कोणाला काय थापा मारल्या, यातलं जवळजवळ काहीच दाखवलं नाही. त्यावर अजून एक अख्खा भाग हवा होता.