कपाटाची किल्ली आधी बाजूला ठेवा

शाळेचं ग्रंथालय माझ्याकडे आलं तेव्हा पहिलं वर्ष मी पुस्तकं राखण्यात घालवलं. वर्षअखेरीस एकही हरवलं नव्हतं. पण मोजायला बसले तर निम्म्या पुस्तकांची नवी कोरी पानं अजून एकमेकांना चिकटलेली! 'पुस्तकं वापरासाठी आहेत' हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांचा 1931 सालचा पहिला नियम मला पाठ होता. तरी किल्ली माझ्याच कमरेला.

म्हणून नव्याने काम घेणाऱ्यांना सांगते, पहिल्या आठवड्यात नोंदवहीला हात लावू नका. गुडघे टेकून पहिलीतल्या मुलाच्या उंचीवरून खोली बघा. जे दिसत नाही ते खाली आणा. दहा-बारा पुस्तकं मुखपृष्ठ समोर करून मांडा आणि दर सोमवारी बदला. लहान मुलं पुस्तकाच्या पाठीवरचं नाव वाचत नाहीत, चित्र बघून हात घालतात.

मांडणीसाठी ड्युई पद्धत, म्हणजे प्रत्येक विषयाला एक आकडा, चांगलीच, पण 597.96 म्हणजे साप हे ज्याला अजून दशांश अपूर्णांक माहीत नाहीत त्याला कसं कळणार? धाकट्यांसाठी रंगीत पट्ट्या लावा. आकडे चौथीपासून, तेव्हा तोच खेळ होतो.

चाळीस मिनिटांच्या तासात पहिली दहा मिनिटं मोठ्याने वाचायचं आणि ऐन रंगात थांबायचं. देवघेव पाच-पाच जणांची, बाकीचे वाचत बसतात. पुस्तक झेपेल का हे बघायला पाच बोटांची युक्ती आहे: एका पानावर जितके शब्द अडतील तितकी बोटं दुमडायची, पाचही दुमडली तर पुस्तक सध्या जड.

पण हा कायदा करू नका. तिसरीतली एक मुलगी सापांचं जाडजूड पुस्तक सारखं नेत असे. बोटं मोजून मी ते काढून घेतलं आणि गोष्टीचं दिलं. ते तिने दुसऱ्या दिवशी न उघडताच परत केलं, मग महिनाभर फिरकलीच नाही. ती चित्रांखालच्या ओळी तेवढ्या वाचायची, हे मला नंतर कळलं. विचारलं असतं तर तेव्हाच कळलं असतं.

सगळ्यात मोलाचं काम मात्र खोलीबाहेर, वर्गशिक्षकांशी बोलण्याचं. कोणता पाठ कधी येतोय ते पंधरा दिवस आधी विचारून ठेवा. 'पाण्यावर माहिती आणा' म्हटलं की मुलं हाताला लागेल तो परिच्छेद उतरवून आणतात. त्याऐवजी 'डबक्यातलं पाणी जातं कुठे?' असा प्रश्न द्या. मग पुस्तकाच्या शेवटची सूची उघडायला लावा आणि 'डबकं' सापडत नसेल तर दुसरा कोणता शब्द बघायचा, हे त्यांनाच शोधू द्या. 'बाष्पीभवन'पर्यंत पोचायला आमच्या एका गटाला अर्धा तास लागला. मी गप्प बसले, हेच अवघड.

फाटलेल्या पानांना साधी चिकटपट्टी नको; ती पिवळी पडते आणि कागद घेऊन निघते. पातळ कागद आणि खळ बरी.

कालबाह्य पुस्तकं निर्लेखित करायला, म्हणजे नोंदीतून काढून टाकायला, कचरू नका. 2006 मध्ये प्लूटो ग्रहांच्या यादीतून गेला, तरी नऊ ग्रहांची पुस्तकं कपाटात असतातच. त्यातली एक प्रत मी मुद्दाम ठेवली आहे. दर वर्षी पाचवीच्या हातात देते आणि एवढंच सांगते, यात एक चूक आहे, दुसऱ्या पुस्तकातून पुरावा आणा.