ऑफिसातल्या इंटरनेट फोनचा आवाज तुटतोय? प्लॅन वाढवण्याआधी या चुका टाळा

"आवाज तुटतोय ना, मग प्लॅन वाढवून टाका." इंटरनेट फोन बसवलेल्या ऑफिसात हे वाक्य हमखास कानावर येतं. प्लॅन वाढतो, बिल वाढतं आणि आवाज तुटायचा तसाच तुटतो. कारण एका कॉलला बँडविड्थ लागते तरी किती? जी.७११ कोडेकचा (कोडेक म्हणजे आवाज डिजिटल करायची पद्धत) कॉल सगळे हेडर, म्हणजे आवाजाच्या प्रत्येक पाकिटावरची पत्त्याची माहिती, धरून एका दिशेला साधारण ८७ केबीपीएस (किलोबिट प्रति सेकंद) घेतो, जी.७२९ असेल तर ३१च्या आसपास. दहा जण एकदम बोलत असले तरी १ एमबीपीएसच्या आत भागतं.

मग घोडं अडतं कुठे? बहुतेक वेळा अपलोडमध्ये. आपण प्लॅनवरचा डाउनलोडचा आकडा बघतो, पण आपला आवाज बाहेर जातो तो अपलोडमधून. आपल्याला समोरचा स्वच्छ ऐकू येतोय आणि तोच मात्र "हॅलो, हॅलो, आवाज येत नाही" म्हणतोय, तर संशय आधी तिथेच घ्या.

एका ऑफिसात रोज दुपारी चारला फोन घोगरे व्हायचे. स्पीड टेस्ट सकाळी केली की उत्तम यायची. मी चारच्या आधी पिंग, म्हणजे निरोप जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजणारी चाचणी, लावून बसलो. वीस मिलिसेकंदांवर चाललेला आकडा बघता बघता चारशेच्या पुढे गेला. त्याच मिनिटाला एका संगणकाचा क्लाउड बॅकअप सुरू झाला होता. मोठ्या फाइलींची पाकिटं मॉडेमच्या रांगेत तुंबली होती आणि आवाजाची इवलीशी पाकिटं त्यांच्या मागे ताटकळत होती. एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असं आयटीयूची (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ) जी.११४ शिफारस सांगते. त्यापलीकडे माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात.

इथे दुसरी चूक होते. राउटरमध्ये क्यूओएस, म्हणजे कोणतं पाकीट आधी सोडायचं ते ठरवणारी सोय, चालू करतात, पण अपलोडची मर्यादा घालत नाहीत. रांग मॉडेममध्येच लागत असेल, तर राउटरने ठरवलेला अग्रक्रम कोण पाळणार? प्रत्यक्ष मोजलेल्या अपलोडच्या ९० टक्क्यांवर मर्यादा ठेवा, म्हणजे रांग तुमच्या हातात येते. मग आवाजाला डीएससीपी ४६ची (पाकिटावरची अग्रक्रमाची) खूण देऊन पुढे काढा. आणि पिंग मोजाल ते मोठी फाइल अपलोड होत असताना मोजा, नाहीतर खरी अडचण दिसणारच नाही.

डेस्कवरचे फोन वाय-फायवर ठेवू नका, केबल टाका. याबद्दल जास्त बोलायला नको.

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो राउटिंगचा, म्हणजे पाकिटं योग्य पत्त्यावर नेण्यातला, बिघाड बँडविड्थच्या माथी मारल्यामुळे. कॉल लागतो, पण एकाच बाजूने आवाज येतो आणि दुसरीकडे पहिल्या सेकंदापासून पूर्ण शांतता असते. हे गर्दीचं लक्षण नव्हे. पॅकेट कॅप्चर, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या पाकिटांची नोंद, काढून इन्व्हाइट या कॉल सुरू करणाऱ्या निरोपातली 'सी=' (c=) ने सुरू होणारी ओळ वाचा. तिथे १९२.१६८ने सुरू होणारा आतला पत्ता दिसला, तर बहुधा चोर सापडला: समोरची बाजू तुमच्यासाठीचा आवाज अशा पत्त्यावर पाठवतेय, जो इंटरनेटवर कुठे पोचतच नाही. पीबीएक्सच्या (ऑफिसचे कॉल जोडणारी यंत्रणा) नॅट, म्हणजे आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलण्याच्या, सेटिंगमध्ये बाहेरचा पत्ता आणि आतलं नेटवर्क नीट भरा, राउटरमधलं सिप एएलजी (कॉलच्या निरोपांतले पत्ते परस्पर बदलणारी सोय) बंद करा आणि आरटीपीचे, म्हणजे प्रत्यक्ष आवाज वाहून नेणारे, पोर्ट तपासा. अ‍ॅस्टेरिस्क या पीबीएक्स सॉफ्टवेअरच्या नमुना फाइलीत ते १०००० ते २०००० असतात. मात्र घाईघाईत कॉल जोडणारा ५०६० पोर्ट साऱ्या जगाला उघडा करू नका, फक्त सेवा देणाऱ्याच्या पत्त्यांना उघडा. नाहीतर कुणीतरी तुमच्या खर्चाने परदेशी कॉल लावेल.

कॉल नेमका कितव्या सेकंदाला तुटतो, तेही घड्याळ लावून बघा. दर वेळी ३२ सेकंदांच्या आसपास तुटत असेल, तर कॉल उचलल्याची पोच देणारा एसीके हा निरोप पोचत नाहीये. पंधरा मिनिटांनी तुटत असेल, तर कॉल अजून चालू आहे का हे ठरावीक वेळाने तपासणारा सेशन टायमर बघा. बाहेर कॉल लागतात, पण थोडा वेळ फोन शांत राहिला की येणारे कॉल वाजत नाहीत? राउटरने नॅटची नोंद पुसली असेल. कीप-अलाइव्ह, म्हणजे ती नोंद जिवंत ठेवणारा निरोप, तीस सेकंदांवर आणून बघा.

पीबीएक्समधल्या आउटबाउंड रूटच्या, म्हणजे बाहेर जाणाऱ्या कॉलच्या वाटांच्या, क्रमाकडेही लक्ष द्या. वर ठेवलेला सैल डायल पॅटर्न (कोणता नंबर कुठल्या वाटेने जाईल ते ठरवणारा नमुना) खालच्या सगळ्यांचे नंबर गिळतो. आपत्कालीन नंबरचा रूट वेगळा आणि सगळ्यांच्या वर ठेवा.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. बाहेरून आलेला कॉल पीबीएक्समधून मोबाइलवर फॉरवर्ड केला, की एक चॅनल (एका कॉलची जागा) येण्याला आणि एक जाण्याला लागतो. चार चॅनलची ट्रंक (सेवा देणाऱ्याशी असलेली जोडणी) असेल तर असे दोन कॉल झाले की तिसऱ्याला बिझी टोन मिळतो, भले इंटरनेटची लाइन रिकामी पडलेली असो. तेव्हा चॅनल मोजताना फॉरवर्ड होणारा प्रत्येक कॉल दोनदा मोजा.