जुनी एमटीबी सुधारायची की नवी घ्यायची? आधी पट्टी हातात घ्या

पंचवीस-तीस हजारांची एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, दोन-तीन पावसाळे काढते आणि मग कुरकुरायला लागते. गिअर नीट पडत नाहीत, ब्रेक ओरडतात, फोर्क (पुढचं चाक धरणारा, धक्के झेलणारा दुहेरी दांडा) दाबला की वर यायला वेळ घेतो. मग एकेक भाग बदलायला सुरुवात होते आणि वर्षभरात नव्या सायकलीचे पैसे जुन्या फ्रेमवर जातात. ते टाळायचं तर दुकानात जायच्या आधी घरीच तपासणी करा. मिलिमीटरची पट्टी, टॉर्च, फडकं आणि कागद-पेन एवढं पुरे.

१. फ्रेम तपासा

सायकल धुवून कोरडी करा. हँडलखालच्या जोडाची खालची बाजू, सीटच्या पकडीखालचा भाग, पेडलच्या मागून चाकाकडे जाणाऱ्या नळ्या आणि मागच्या डिस्क ब्रेकची बैठक इथे टॉर्च मारा. केसासारखी रेघ दिसली तर नख फिरवा. नख अडकलं, किंवा पुसल्यावरही रेघेत काळा मळ राहिला, तर तो तडा समजा आणि सायकल चालवणं थांबवा. अ‍ॅल्युमिनिअमच्या फ्रेमला नेहमीच्या वेल्डरकडून टाका मारून घेऊ नका. कारखान्यात वेल्डिंगनंतर फ्रेम तापवून कडक केलेली असते. नुसत्या टाक्याने आजूबाजूचा धातू नरम पडतो आणि फ्रेम पुढे शेजारीच तुटते. तडा निघाला तर प्रश्न इथेच मिटला, नवी घ्या.

साइज चुकली असेल तरीही तेच. स्टेम (हँडल धरणारा तुकडा) बदलून हँडल दोन-तीन सेंटिमीटर पुढे-मागे होतं, फ्रेम लहानमोठी होत नाही.

२. तीन मापं लिहून घ्या

मागच्या हबची (चाकाच्या मधल्या भागाची) रुंदी: क्विक रिलीजच्या (हाताने खटका उघडून चाक निघणाऱ्या) सायकलीत ती बहुधा १३५ मिमी असते. नव्या एमटीबीत १२ मिमी जाडीचा थ्रू अ‍ॅक्सल (चाकातून आरपार जाणारा आस) आणि १४२ किंवा १४८ मिमी रुंदी दिसते. १४८ चं चाक १३५ च्या फ्रेममध्ये बसत नाही, दुकानदार काहीही म्हणो.

हेड ट्यूब (हँडलखालची फ्रेमची नळी): वरून खालपर्यंत सारखी आहे की खाली जाड होत जाते? सरळ आणि आतून ३४ मिमी असेल तर खाली दीड इंच जाड होणारा टेपर्ड फोर्क तिच्यात जात नाही. सरळ पण आतून ४४ मिमी असेल तर खालचा कप बाहेर येणारा हेडसेट (या नळीत बसणारा बेअरिंगचा संच) लावून जमतं.

मागचं चाक: फ्रीव्हील (दाते आणि उलट फिरायची यंत्रणा एकाच तुकड्यात) की कॅसेट (नुसते दाते, यंत्रणा हबमध्ये)? चाक काढा आणि दाते उलटे फिरवा. मधली टूल बसायची खाच दात्यांबरोबर फिरली तर कॅसेट, स्थिर राहिली तर फ्रीव्हील. सात गिअरच्या बऱ्याच सायकलींना फ्रीव्हील असतं, आणि खर्चाचं गणित इथेच बिघडतं. आठ किंवा नऊ गिअरच्या शिमानो हबवर शिमानो देओरेची ११-५१ दात्यांची अकरा गिअरची कॅसेट बसते. त्यासाठी कॅसेट, चेन, शिफ्टर (गिअर बदलायचा खटका), मागचा डिरेलर (चेन एका दात्यावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) आणि पुढे एकच चेनरिंग (पेडलजवळचं दात्यांचं चक्र) लागते. फ्रीव्हील असेल तर वर मागचा हब, म्हणजे बहुतेक वेळा अख्खं चाक. चेनरिंग क्रँकला (पेडलच्या दांड्याला) रिव्हेटने पक्क्या केलेल्या असतील तर क्रँकही गेला.

३. झीज मोजा

चेन ताणून एका पिनच्या मध्यापासून पूर्ण बारा कड्या मोजा. नवी असते ३०४.८ मिमी. दहा गिअरपर्यंतची चेन ३०७ झाली की बदला, अकरा-बारा गिअरची ३०६ च्या पुढे गेली की. ३०८ झाली असेल तर कॅसेटचे दातेही खाल्ले गेलेत. नुसती नवी चेन टाकली तर ती जोर लावताना दात्यांवरून उडी मारते आणि बिचाऱ्या चेनला दोष लागतो.

शिमानोच्या डिस्क रोटरची (ब्रेकच्या चकतीची) जाडी १.५ मिमीवर आली, किंवा पॅडचा थर ०.५ मिमी राहिला की ते बदला. फोर्कच्या चकचकीत नळ्यांवर खोल ओरखडे असतील तर सील टिकत नाहीत.

४. स्वस्त कामं आधी

गिअरच्या नव्या केबल आणि त्यांची बाहेरची आवरणं, डिरेलर हँगर (डिरेलर टांगायची फ्रेमवरची पट्टी) सरळ करणं, ब्रेकचे पॅड. कोकणच्या लाल मातीत किंवा पुण्याच्या टेकड्यांवर पावसात चालवलेल्या सायकलीच्या निम्म्या तक्रारी एवढ्यातच संपतात. मग टायरची हवा पाहा. सव्वादोन इंची टायरमध्ये पन्नास-साठ पीएसआय भरून दगडांवर आपटत जाणारे आणि फोर्कला शिव्या देणारे खूप भेटतात. सत्तर किलोच्या माणसाने ट्यूबसकट तीसच्या आसपास भरून पाहावी. त्याहून फार कमी केली तर रिम आणि दगडात ट्यूब चिमटते. दोन आठवडे अशी चालवा, मग ठरवा.

५. कागदावर दोन रकाने

पहिल्यात पुढच्या सायकलीवरही चालतील असे भाग: पेडल, सीट, ग्रिप, हायड्रॉलिक ब्रेक, चाकाची साइज तीच ठेवणार असाल तर टायर. दुसऱ्यात याच फ्रेमबरोबर संपणारे: सरळ नळीचा फोर्क, १३५ मिमीचं चाक, बॉटम ब्रॅकेट (क्रँक ज्यावर फिरतो ते बेअरिंग). पहिल्या रकान्यावर बिनधास्त खर्च करा. दुसऱ्याची बेरीज तुम्हाला खरोखर हव्या असलेल्या नव्या सायकलीच्या एक तृतीयांशापुढे गेली की हात आखडता घ्या. सुटे भाग नेहमीच महाग पडतात, कारण सायकल कंपनी तेच भाग घाऊक दराने घेते.

फोर्कचा मोह सर्वांत मोठा. एअर फोर्क (स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारा) घ्यायचाच तर ट्रॅव्हल, म्हणजे फोर्क दबतो ते अंतर, मूळचाच ठेवा. १०० मिमीच्या फ्रेमला १४० चा लावला तर हँडलकडची बाजू उंच होते, हेड ट्यूबचा कोन साधारण दोन अंशांनी पडतो (फोर्क पुढे जास्त तिरपा होतो), चढावर पुढचं चाक भटकतं आणि फ्रेमच्या जोडावर जास्त ताण येतो. हल्लीच्या ट्रेल बाइक (डोंगरवाटांसाठीच्या एमटीबी) उतारावर स्थिर वाटतात त्या पडक्या कोनामुळे आणि लांब पुढच्या भागामुळे. हे सुटं विकत मिळत नाही. उतरणीच्या दगडी वाटा हेच तुमचं रोजचं काम असेल तर नवी घ्या. सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत डांबरावरूनच जाणं-येणं असेल तर फोर्क सोडा, कमी खाचांचे टायर घाला.

नवी ठरली तर जुनी विकण्याआधी पहिल्या रकान्यातले भाग काढून मूळचे लावा. वापरलेल्या सायकलीला गिऱ्हाईक त्या भागांचे पैसे देत नाही. पेडल काढताना डावीकडचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या दिशेने फिरवूनच सुटतं, उलट जोर लावाल तर क्रँकचे आटे जातील.