बालवाडीच्या ताईंना नीट ‘थँक यू’ कसं म्हणायचं (घड्याळ न देता)

मार्च लागला की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो मेसेज येतोच, "ताईंना गिफ्ट काय द्यायचं, प्रत्येकी २०० काढूया का?" मग दीडशे मेसेज पडतात, कुणी साडी म्हणतं, कुणी डिनर सेट, आणि शेवटी ठरतं भिंतीवरचं घड्याळ. आमच्या बालवाडीत मी मोजली होती, चार घड्याळं, त्यातली दोन बंद, आणि मुलांचा डबा सुटतो तो पायरीवर ऊन आलं की.

तर हे त्या घड्याळाला पर्याय म्हणून. मी स्वतः आधी चुकलेय, पहिलं पत्र अगदीच भंगार लिहिलं होतं, दुसरं बरं जमलं, मधे जे कळलं ते सांगते. ज्यांची मुलं यंदा मोठ्या गटातून पहिलीत जाणार त्यांनी फेब्रुवारीतच सुरुवात करा, शेवटच्या आठवड्यात स्नेहसंमेलनाच्या ड्रेसमधून डोकं वर निघत नाही.

आधी गठ्ठा खाली काढा

पत्र लिहायला बसू नका. आधी ती कपाटावरची पिशवी काढा, चित्रांची. प्रत्येक घरी असते, फेकवत नाही आणि बघितलीही जात नाही. सगळं जमिनीवर पसरा आणि जमेल तसं तारखेप्रमाणे लावा. तारखा नसतील तर ताईंना विचारा, आमच्या ताईंनी प्रत्येक कागदामागे बारीक पेन्सिलीने तारीख घातली होती आणि खाली लेक तेव्हा काय म्हणाली तेही, "ही आजी पळतेय कारण दूध उतू जातंय". समोरून बघाल तर नुसत्या जांभळ्या रेघोट्या.

क्रमाने लावलं की गंमत दिसते. आधी नुसतं गिरगटणं, मग गोल गोल, मग एक दिवस गोल बंद होतो, त्याला दोन डोळे येतात आणि डोक्यालाच थेट पाय फुटतात. पोट नाही, हात नाहीत, नुसतं चालणारं डोकं. साधारण तीन-चार वर्षांची बहुतेक पोरं असा माणूस काढतात, कुठल्याही देशातली, कुणी शिकवावं लागत नाही. पुढे पोट येतं, मग कागदाच्या खालच्या कडेला जमीन येते, आणि आमच्याकडे तर आजीच्या पोटात तिने खाल्लेली भाकरी पण दिसायला लागली. या सगळ्यात ताईंनी काय केलं? हात धरून पोट काढून दाखवलं नाही. वाट बघितली. आता तुम्हाला वाटेल त्यात काय एवढं, पण मी उलटं पण बघितलंय.

आधी सहा महिने लेक दुसऱ्या एका शाळेत होती, चकचकीत, फी पण चकचकीत. तिथे सफरचंदाची छापील वर्कशीट यायची आणि रेघेबाहेर रंग गेला की खाली लाल पेनाने उदास तोंड. लेकीने एकदा सफरचंद निळं केलं म्हणून मला बोलावून घेतलं होतं आणि मी, कबूल करते, घरी येऊन तिलाच सांगितलं की सफरचंद लाल असतं बाळा. त्यानंतर तिने घरी खडू हातात धरणं सोडलं. म्हणून तो गठ्ठा पसरून बसले तेव्हा रडायला आलं, ते चित्रं सुंदर होती म्हणून नाही तर ती मुळात होती म्हणून.

गठ्ठ्यातलं सगळं ठेवू नका, वीस-पंचवीस पुरेत. निवडताना मुलाला शेजारी घ्या, तुम्हाला जे भारी वाटतं ते त्याला वाटत नाही. तेलखडूची चित्रं एकमेकांना लागतात, मधे बटर पेपर घाला. मागे लिहायचं तर पेन्सिलच, पेन पुढे उमटतं. बाकीच्यांचे फोटो काढा, खिडकीजवळ, दिवसा, फ्लॅश बंद. मातीचे प्राणी टिकत नाहीत, त्यांचा फोटो काढा आणि माती परत भिजवा.

मग मावशींशी बोला

ही पायरी कुणीच करत नाही. ताई वर्ग घेतात, पण रंगाचे हात कोण धुतं, ओल्या चड्ड्या कोण बदलतं, रडणाऱ्याला कडेवर घेऊन नळापाशी कोण नेतं? आमच्या मावशींना मी नुसतं विचारलं की मावशी, आमची पहिल्यांदा आली तेव्हा कशी होती हो, आणि त्या अर्धा तास बोलत होत्या. मला दोन वर्षांत माहीत नसलेली गोष्ट तिथे कळली. नव्याने आलेली लेक जवळपास दोन महिने कुणाशी बोलत नव्हती, टेबलाखाली बसून कागद फाडायची. ताईंनी तिला बाहेर ओढलं नाही, रागावल्या नाहीत, रोज रद्दी पेपरची एक टोपली टेबलाखाली सरकवून ठेवायच्या. कपट्यांचा ढीग झाला तेव्हा एक दिवस ताईंनी पावसाची गोष्ट घेतली, सगळ्या पोरांनी ते कपटे वर उडवले, आणि आमची टेबलाखालून ओरडली, "थांबा, अजून ढग भरायचेत!" वर्गातलं तिचं पहिलं वाक्य.

हे मिळालं की पत्र अर्धं झालं.

पत्र

माझं पहिलं पत्र असं होतं: आपण आमच्या पाल्यावर केलेल्या सुसंस्कारांबद्दल आम्ही आपले शतशः ऋणी आहोत. नवऱ्याने वाचलं आणि म्हणाला हे नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या बॅनरवर पण चालेल. बरोबर होतं त्याचं.

पत्रात एकच प्रसंग घ्या, जो फक्त तुमच्या मुलाचाच असू शकतो. ताईंनी नेमकं काय केलं ते लिहा, आणि त्याने घरी काय बदललं ते. बास. "खूप प्रेमळ", "अतिशय मेहनती" ही विशेषणं काढून टाका, प्रसंगातून ती आपोआप कळतात. माझं दुसरं पत्र साधारण असं होतं:

"ताई, तुम्ही टेबलाखाली ठेवलेल्या टोपलीबद्दल मला मावशींकडून आत्ता कळलं. आम्हाला घरी एवढंच दिसत होतं की ही अचानक बोलायला लागली, आम्ही त्याचं श्रेय टॉनिकला दिलं होतं. आता ती रोज रात्री आम्हाला गोष्ट सांगते आणि मधेच थांबवून म्हणते, थांबा, अजून भरायचंय. तिला भरायला वेळ दिलात. आम्ही दिला नव्हता."

हाताने लिहा, अक्षर वाईट असलं तरी. काय लिहू नका तेही सांगते. "आता तिला शंभरपर्यंत अंक येतात" हे नको, ताई त्यासाठी राबल्या नव्हत्या. दुसऱ्या मुलाशी तुलना नको. आणि "पुढे मोठी चित्रकार होईल" तर अजिबातच नको, पोरगी साडेपाच वर्षांची आहे, तिला राहू द्या.

मुलाकडून जबरदस्तीने ‘थँक यू टीचर’ गिरवून घेऊ नका. फक्त विचारा ताईंना काय सांगायचंय, आणि जे बोलेल ते शब्दशः खाली उतरवा. आमचीने सांगितलं, "तुमच्या साडीला डिंक लागलाय." तेच लिहिलं. नंतर कळलं की ताईंना सगळ्यात जास्त तेच आवडलं.

पत्राची एक कॉपी ऑफिसात

हे विसरू नका. मुख्य बाईंना एक कॉपी द्या आणि सांगा की फाईलला लावा, नवीन अ‍ॅडमिशनच्या पालकांना दाखवा. कारण दर जूनला कुणीतरी येतंच, "इथे नुसतं खेळतात, लिखाण कधी घेणार?" आणि त्या प्रश्नाचा सगळा दाब ताईंवर पडतो. पालक सभेत हा विषय निघाला की तुम्ही बोला, ताईंना एकटं पाडू नका. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय आणि तो खेळ आणि कृतीतूनच व्हावा असं म्हटलंय, हे सांगितलं की बरेच बाबा लोक गप्प होतात. माझ्या मते आभाराचा हाच सगळ्यात कामाचा प्रकार आहे, पण फोटोत येत नाही त्यामुळे कुणी करत नाही.

आणि द्यायचंच असेल तर

ताईंना सरळ विचारा काय संपलंय. लाजायचं काय त्यात. आमच्याकडे संपली होती माती, आणि एका बाजूने कोरे कागद. मग ग्रुपवर घड्याळाऐवजी यादी टाकली. ज्यांच्या ऑफिसात प्रिंटर आहे त्यांनी एकीकडे छापलेले कागद आणायचे (गोपनीय काही नाही ना बघून, एकाने कुणाची तरी सॅलरी स्लिप आणली होती). टेलरकडच्या चिंध्या. कुंभाराकडची चाळलेली माती, ओल्या गोणपाटात गुंडाळून. गेरू. चिंचोके, शिंपले, नारळाच्या करवंट्या.

दोन गोष्टी जपून. गुंजा दिसायला सुरेख पण विषारी, त्या लहान मुलांच्या आसपास नकोच. आणि चिंचोके-मणी मोठ्या गटालाच, बारकी पोरं नाकात घालतात. हळदीत चुना मिसळला की लाल रंग होतो, पोरं वेडी होतात ते बघून, पण चुना ताईंच्याच हातात राहू दे, डोळ्यात गेला तर वाईट.

हे सगळं फुकट-स्वस्तातलं कसं द्यायचं असं एका आईला वाटलं, कमीपणा वाटतो म्हणाली. तिला मी डहाणूकडच्या कोसबाडच्या बालवाड्यांचं सांगितलं. बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडक आधी गुजरातेत भावनगरला, तिथले बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करत होत्या, १९२६ ला त्यांनी मिळून नूतन बाल शिक्षण संघ काढला, आणि मग १९४५ मधे ताराबाई डहाणूकडे बोर्डीला आल्या. शिक्षिका अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या, पुढे १९५७ ला काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे आदिवासी पोरं शाळेपर्यंत येईनात, तर या बायकांनी बालवाडीच पाड्यावर, अंगणात नेली. विकतची साधनं परवडणारी नव्हती, मग बिया, पानं, शिंपले, माती जे आसपास मिळेल त्यातून साधनं केली. म्हणजे ज्या पद्धतीच्या शाळेला आपण आज वेटिंग लिस्ट लावून अ‍ॅडमिशन घेतो तिची मुळं करवंटीतच आहेत. त्या आईने दुसऱ्या दिवशी तीन गोण्या भरून करवंट्या आणल्या, तिच्या सासऱ्यांचं खोबरेल तेलाचं दुकान आहे.

मावशींना मात्र वस्तू नको, पाकीट द्या. ताईंचं मानधनच बेताचं असतं, मावशींचं त्याहून कमी, तिथे हस्तकला वगैरे चालवू नका. पाकिटावर नाव लिहा, "मावशी" नाही, नाव. आमच्यातल्या निम्म्यांना ते माहीतच नव्हतं, ग्रुपवर विचारावं लागलं.

शेवटच्या दिवसानंतर

निरोप समारंभात सगळेच रडतात, तिथे पत्र देऊ नका, हारतुऱ्यात हरवतं. दोन दिवस आधी द्या, घरी नेऊन वाचता येईल असं. आणि ऑगस्टच्या सुमाराला, पहिली सुरू होऊन दोन महिने झाले की, एक पोस्टकार्ड टाका, पन्नास पैशाला मिळतं अजून. मुलाने काढलेलं काहीही चालेल. तोपर्यंत नवीन वर्गातल्या रडारडीने ताई दमलेल्या असतात, तेव्हा ते पोचतं.

दिवाळीच्या सुट्टीआधी आम्ही भेटायला गेलो होतो. तिथे प्रत्येक मुलाच्या दप्तराच्या खुंटीवर एक चित्र असतं, अक्षरं येत नाहीत म्हणून, आमचीचं कासव होतं. आत गेल्या गेल्या ती तिकडेच धावली. कासवाच्या खुंटीला एक निळं दप्तर होतं आणि खाली एक बारका मुलगा कुणाला हात लावू देत नव्हता. मला वाटलं आता भांडण. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "पट्टा आधी शेपटीकडून घाल, म्हणजे पडत नाही." त्याने काढून परत घातला. ताई पाठमोऱ्या उभ्या राहून माती मळत होत्या.