मुलांची नळी घालून तपासणी आहे? या चुका टाळा

जत, आटपाडीपासून पार अथणीपर्यंतची माणसं तपासणीला मिरजेला येतात. पहाटेची एसटी, काखेत फाइल, कडेवर पोर आणि डोक्यात एकच घोर, परतीची गाडी चुकायला नको. मुलांना होणारा बराचसा त्रास या घाईपायी होतो, हे मला लेकीच्या एमसीयूच्या, म्हणजे लघवीच्या मार्गाच्या एक्स-रे तपासणीच्या वेळी कळलं. तेव्हा ती चार वर्षांची होती.

एमसीयूत लघवीच्या जागेतून बारीक नळी मूत्राशयात घालतात, एक्स-रेत दिसणारं औषध भरतात आणि मूल लघवी करत असताना फोटो घेतात. लघवी उलटी मूत्रपिंडाकडे चढते का, ते त्यात दिसतं. खरं दुखणं नळी घालतानाचं, तेही थोडाच वेळ.

आमची पहिली चूक म्हणजे आम्ही तिला काही सांगितलंच नाही. "नुसता फोटो काढायचाय गं." टेबलावर चड्डी उतरवली तेव्हा तिनं माझ्याकडं जे बघितलं, ते मी अजून विसरले नाही. त्यानंतर ती कुणाचंच ऐकेना. एवढ्या पोराला आदल्या रात्री बाहुली घेऊन सरळ सांगता येतं: शूच्या जागी बारीक नळी घालतील, चुरचुरेल, मग खूप शू लागल्यासारखं होईल, ती तिथंच टेबलावर करायची, कुणी रागावणार नाही. हे शेवटचं विसरू नका. मुलं लाजून शू रोखून धरतात आणि तपासणी लांबत जाते. "अजिबात दुखणार नाही" हे मात्र बोलू नका. एरवी जेवत नाही म्हणून "थांब, सुई द्यायला लावते डॉक्टरला" म्हणणाऱ्या आज्यांना (आमच्याकडंही एक आहे) निदान त्या आठवड्यात आवरा.

दुसरी चूक जेलीची. बधिर करणारी लिग्नोकेनची जेली मिळते, पण लावली की लगेच नळी सरकवली तर ती नुसती वंगणाच्या कामाची. पाच-दहा मिनिटं थांबलं तरच तिचा उपयोग. काही ठिकाणी साधीच जेली वापरतात. म्हणून आधीच विचारा: "सिस्टर, बधिर करायची जेली आहे का? लावून जरा थांबूया का?" मी विचारलं नाही, कारण बाहेर रांग होती.

सीटी किंवा एमआरआयसाठी हातात सलाईनची सुई लावायची असेल तर बधिर करणारं मलम असतं. ते वरून पट्टी लावून साधारण तासभर ठेवावं लागतं, म्हणजे निघण्याआधीच डॉक्टरांशी बोलून ठेवायला हवं. तान्ह्या बाळाला सुईच्या दोनेक मिनिटं आधी साखरपाण्याचे थेंब किंवा अंगावरचं दूध दिलं तर त्रास कमी होतो, तेही तिथल्या डॉक्टरांना विचारून. मध नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचाच नसतो.

सगळ्यात धोक्याची चूक म्हणजे शेजारणीकडची उरलेली झोपेची बाटली पाजून निघणं. अशा औषधानं श्वास मंदावू शकतो, आणि एसटीत ते बघणार कोण? झोपेचं औषध दवाखान्यातच, मुलावर लक्ष ठेवायला माणूस असताना. शिवाय एमसीयूत मुलानं जागं राहून शू करायची असते. भूल द्यायची नसेल तर उपाशीही ठेवू नका, भुकेलं पोर जास्त रडतं. भूल असेल तर साधारणपणे हलकं खाणं सहा तास, अंगावरचं दूध चार तास आणि पाणी दोन तास आधी बंद. तुम्हाला काय सांगितलंय तेच पाळा.

चौघांनी हातपाय दाबून धरण्यापेक्षा आईनं एक्स-रेपासून बचावाचा एप्रन घालून डोक्याशी उभं राहावं, मोबाईलवर आवडीचं काहीतरी लावावं. पोटुशी असेल तर आत दुसऱ्या कुणीतरी जावं.

घरी आल्यावर पहिल्या एक-दोन लघव्या जळजळतात, म्हणून मुलं पाणीच टाळतात. उलट भरपूर पाजा. पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे डॉक्टरांनी सांगितलेलंच. ब्रुफेन मनानं देऊ नका, आपण मूत्रपिंडाची तपासणी करून आलोय. ताप आला किंवा सात-आठ तासांत लघवीच झाली नाही तर सकाळची वाट न बघता फोन करा. आमची लेक त्या रात्री शू करायलाच तयार नव्हती. शेवटी कोमट पाण्याच्या टबात बसवली, आणि गप्पा मारता मारता पाण्यातच मोकळी झाली.