जुनी ॲसिड हाऊस किंवा टेक्नो रेकॉर्ड अस्सल आहे का, हे कसे पारखावे

१९८७ साली शिकागोच्या 'ट्रॅक्स' या लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, फ्यूचर या त्रिकुटाची 'ॲसिड ट्रॅक्स' ही बारा इंची रेकॉर्ड काढली आणि रोलंडच्या टीबी-३०३ या सिंथेसायझर यंत्राचा वळवळता बेस ॲसिड हाऊस या नृत्यसंगीताच्या प्रकाराची ओळख बनला. त्या काळातल्या कित्येक रेकॉर्ड लहान लेबलांनी मोजक्याच प्रतींत काढल्या होत्या. पुढे मागणी वाढली, तशा काहींच्या अधिकृत फेरप्रती निघाल्या आणि चोरट्या प्रतीही निघाल्या. रेकॉर्डच्या मधोमध असलेला लेबलचा गोल कागद कोणालाही पुन्हा छापता येतो. म्हणून पारख कागदापासून नव्हे, तर त्याभोवतीच्या कोऱ्या पट्टीपासून सुरू करावी.

ही पट्टी, म्हणजे रनआउट, शेवटचा ट्रॅक संपल्यावर सुई जिथून लेबलकडे सरकते तो भाग होय. रेकॉर्ड कडेला आणि मध्यभागी धरून, खोबणींना बोट न लावता, एकाच दिव्याखाली हळूहळू तिरपी करावी. एका विशिष्ट कोनात आल्यावर काळ्या चकाकीतून बारीक अक्षरे अचानक उजळतात: कॅटलॉग क्रमांक, बाजू दर्शवणारे अक्षर आणि कधी कटिंग करणाऱ्या, म्हणजे मूळ चकतीवर खोबणी कापणाऱ्या, अभियंत्याची खूण. हाताने कोरलेली अक्षरे वेडीवाकडी आणि नाजूक असतात, तर ठशाने उमटवलेली एकसारखी असतात. डेट्रॉइटच्या अनेक टेक्नो (इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा एक प्रकार) रेकॉर्डचे कटिंग रॉन मर्फी यांनी केले आणि त्यांवर 'एनएससी' ही त्यांच्या नॅशनल साउंड कॉर्पोरेशनची खूण सापडते. अशी अक्षरे डिस्कॉग्स या रेकॉर्डची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावरील नोंदीशी चिन्हागणिक ताडून पाहावीत आणि रेकॉर्ड दुरून मागवायची असल्यास विक्रेत्याकडे दोन्ही बाजूंच्या रनआउटची छायाचित्रे आग्रहाने मागावीत.

मात्र अक्षरे जुळली म्हणजे प्रत पहिल्याच खेपेची ठरली, असे होत नाही, कारण जुने धातूचे साचे शिल्लक असतील तर त्यांवरून वर्षांनंतरही रेकॉर्ड दाबता येते आणि कोरीव खुणा जशाच्या तशा उतरतात. अशा वेळी लेबलचा रंग, अक्षरांची ठेवण, पत्त्याचा मजकूर आणि रेकॉर्डचे वजन यांचा एकत्र विचार करावा. १८० ग्रॅमची जाड प्रत बहुधा अलीकडची असते. लोगोच्या कडा धूसर दिसल्या, तर तो जुन्या लेबलवरून स्कॅन करून छापला असण्याची शक्यता आहे.

कान लावून केलेली परीक्षा माझ्या मते सर्वांत बोलकी असते. चोरटी प्रत पुष्कळदा मास्टर टेपवरून (मूळ ध्वनिमुद्रणाच्या फितीवरून) नव्हे, तर दुसऱ्या रेकॉर्डवरूनच तयार केलेली असते. त्यामुळे मूळ प्रतीची खरखरसुद्धा तिच्या खोबणीत कापली जाते. एखाद्या जागी टकटक ऐकू येते, पण धुऊन स्वच्छ केलेल्या पृष्ठभागावर तिथे ना ओरखडा दिसतो ना धूळ, असे आढळले तर तो आवाज ज्या प्रतीवरून नक्कल केली तिचा असू शकतो. पण एवढ्यावरून निकाल देऊ नये, कारण दाबणीतल्या दोषानेही असे होते. 'ट्रॅक्स'च्या मूळ प्रती तर निकृष्ट विनाइलसाठीच ओळखल्या जातात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत अगदी निर्दोष, चकचकीत प्रत समोर आली तर उलट अधिक बारकाईने पाहावे.

एका गोष्टीला मात्र दोष समजून रेकॉर्ड परत करू नये. टेक्नो संगीतकार जेफ मिल्स यांच्या काही रेकॉर्डवर बंदिस्त खोबणी आहेत: सुई आत सरकत नाही आणि एकच आवर्तन अखंड वाजत राहते. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाने एक फेरी १.८ सेकंदांत पूर्ण होते आणि तिच्यात चार ठोके बसवले की सुमारे १३३ बीपीएमची (मिनिटाला १३३ ठोक्यांची) लय आपोआप मिळते.