जाड ऑइल, पातळ ऑइल आणि एलएस३ इंजिनाचं प्रेशर

ट्रॅकवर चार-पाच फेऱ्या झाल्या, ऑइल तापलं आणि प्रेशरचा काटा खाली यायला लागला, की ‘जाड ऑइल घाला’ हा सल्ला हमखास मिळतो. घातलं की काटा वर जातोही. तरी ग्रेड बदलण्याआधी काटा नेमका का घसरला हे शोधायला हवं, कारण झिजलेलं बेअरिंग किंवा हवा ओढणारा पंप जाड ऑइलखाली आरामात झाकला जातो. इथे उदाहरण घेतलंय ते कॉर्वेट सी६ मधल्या ६.२ लिटर एलएस३ चं, साध्या सम्पच्या (इंजिनाच्या तळाच्या भांड्यातच ऑइल साठवणाऱ्या) गाडीचं. कंपनीची शिफारस ५डब्ल्यू-३०; यातला पहिला आकडा थंडीतला आणि दुसरा गरम ऑइलचा दाटपणा सांगतो.

एलएस३ चा जेरोटर (एकात एक फिरणाऱ्या दातेरी चाकांचा) पंप क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावर बसतो आणि दर फेऱ्याला ठरावीक ऑइल पुढे ढकलतो. हे ऑइल बेअरिंगच्या फटींतून बाहेर पडताना जो अडथळा होतो, तोच गेजवर प्रेशर म्हणून दिसतो. म्हणजे प्रेशर वाढायचं तर ऑइल जाड हवं, फट कमी हवी, नाहीतर आरपीएम जास्त हवा. यात फटीचा हिशेब सगळ्यात कडक: क्लिअरन्स, म्हणजे ही फट, दुप्पट झाला की त्यातून निसटणारं ऑइल जवळपास आठपट होतं. म्हणून मोठे क्लिअरन्स ठेवून बांधलेल्या रेसिंग इंजिनाला जाड ऑइल लागतं. कंपनीच्या मापातल्या इंजिनाला तेच ऑइल घालायला त्यामुळे काही कारण मिळत नाही.

क्रँकचा भार मात्र गेजवरचं प्रेशर उचलत नाही. तो उचलते फिरत्या जर्नलखाली (क्रँकच्या बेअरिंगमध्ये बसणाऱ्या गोल भागाखाली) तयार होणारी ऑइलची फिल्म, आणि तिच्यातलं प्रेशर हजारो पीएसआयमध्ये (प्रेशरचं एकक) असतं. पंपाचं काम तिथपर्यंत ऑइल पोचवायचं. फिल्म किती जाड राहील हे त्या जागेच्या तापमानाला ऑइल किती दाट आहे यावर ठरतं. त्यामुळे ग्रेड ठरवायची ती तापमान बघून.

साधारण ५डब्ल्यू-३० सिंथेटिक १०० अंश सेल्सिअसला सुमारे १०.५ सेंटीस्टोक (दाटपणाचं एकक) असतं आणि १३० अंशांना ६ च्या आसपास येतं. १५डब्ल्यू-५० हे १०० अंशांना १८ च्या आसपास आणि १३० ला साधारण १०. म्हणजे १३० अंशांवरचं १५डब्ल्यू-५० आणि १०० अंशांवरचं ५डब्ल्यू-३० बेअरिंगच्या दृष्टीने जवळजवळ सारखंच. उलट बाजूही बघा: ४० अंशांना पहिलं साधारण ६० आणि दुसरं १२५. सकाळी गाडी काढून पाच किलोमीटरवर ऑफिस गाठायचं असेल, तर जाड ऑइल पूर्ण तापतच नाही.

थंड इंजिनात जाड ऑइलने काटा एकदम वर जातो आणि मालक खूश होतो. प्रत्यक्षात तेव्हा जादा प्रेशर सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडलेला असतो आणि पंपाने ढकललेल्या ऑइलचा बराचसा भाग परत पंपाच्या तोंडाशीच फिरत असतो. बेअरिंगला उलट कमी ऑइल मिळतं. अशा वेळी रेस देणं म्हणजे पिकअपमध्ये (सम्पमधून ऑइल ओढणाऱ्या नळीत) कॅव्हिटेशनला, म्हणजे ऑइलमध्ये बुडबुडे होण्याला, बोलावणं. ऑइल ७०–८० अंशांवर येईपर्यंत ३,००० आरपीएमच्या वर जाऊ नये.

आता मोजमाप. आधी सेन्सरवर विश्वास ठेवू नका. एलएस३ चा प्रेशर सेन्सर इनटेक मॅनिफोल्डच्या मागे, व्हॅली कव्हरच्या (सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या झाकणाच्या) टोकाला असतो आणि तो बिघडणं नेहमीचं आहे. तो काढून एम१६ x १.५ चा अॅडॉप्टर लावून मेकॅनिकल गेज जोडा. गाडी वीसेक मिनिटं चालवून ऑइल ९५–१०० अंशांवर आणा. कूलंटचा काटा मधोमध आला म्हणजे ऑइल तापलं, असं धरू नका, ते बरंच मागे असतं. मग आयडलिंग, २,०००, ४,००० आणि ६,००० आरपीएमला आकडे लिहून घ्या. जनरल मोटर्सची गरम इंजिनाची किमान मर्यादा अशी: १,००० ला ६, २,००० ला १८ आणि ४,००० ला २४ पीएसआय. हे आकडे खालची हद्द सांगतात, त्यावर समाधान मानू नये. दर हजार आरपीएमला १० पीएसआय हा जुन्या व्ही८ वाल्यांचा ठोकताळा ट्रॅकसाठी अजूनही बरा आहे.

आकडे काय सांगतात? फक्त गरम आयडलिंगला कमी आणि वर ठीक असेल तर ऑइल पातळ झालंय, पेट्रोल मिसळलंय किंवा बेअरिंग झिजायला लागलंय. सगळ्याच आरपीएमला कमी असेल तर रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकलाय का ते बघा, आणि पिकअप ट्यूबची ओ-रिंग. ही छोटी रबरी रिंग कडक झाली किंवा बसवताना चिरली की पंप ऑइलबरोबर हवा ओढतो. एलएस मालिकेतल्या किती तरी ‘पंप गेला’ तक्रारींचं मूळ हेच निघतं. लांब वळणावर काटा झटकन पडून सरळ रस्त्यावर सावरत असेल, तर सम्पमध्ये पिकअप उघडा पडतोय. त्यावर उपाय बॅफल (सम्पमध्ये ऑइल एका बाजूला जाऊ न देणारे आडपडदे) आणि ट्रॅकच्या दिवशी अर्धा लिटर जास्त ऑइल. जाड ऑइलने हे बिघडूही शकतं, कारण ते हेडमधून खाली उतरायला जास्त वेळ घेतं.

यातलं काही नसेल, तर ट्रॅक सेशनचं सर्वाधिक ऑइल तापमान बघा. ११५ अंशांच्या आत असेल तर ५डब्ल्यू-३० राहू द्या. १२५ पर्यंत जात असेल तर ५डब्ल्यू-४० किंवा ०डब्ल्यू-४०. त्यापुढे जात असेल तर थर्मोस्टॅटवाला ऑइल कूलर हा खरा उपाय. तो लागेपर्यंत १५डब्ल्यू-५०. डब्यावरच्या ग्रेडपेक्षा डेटा शीटवरचा एचटीएचएस आकडा बघा. १५० अंशांना, जोरात घासलं जात असताना ऑइल किती दाट उरतं ते तो सांगतो. ०डब्ल्यू-४० आणि ५डब्ल्यू-४० साठी एसएई (ऑइलच्या ग्रेडचं मानक ठरवणारी संस्था) ची किमान अट ३.५ आहे, ३० ग्रेडसाठी २.९.

बदलताना: साध्या सम्पच्या एलएस३ मध्ये फिल्टरसह ५.२ लिटर, ड्रेन प्लग २५ न्यूटन-मीटर. जुना फिल्टर कापून कागद उलगडून उन्हात बघा. तांबूस किंवा करडी चमक दिसली तर ग्रेडची चर्चा थांबवा, बेअरिंग उघडा. नवीन ऑइलवर तेच चार आकडे त्याच तापमानाला पुन्हा घ्या. गरम आयडलिंग वर गेलं आणि ६,००० ला फारसा फरक नाही, तर वर रिलीफ व्हॉल्व्ह आधीच उघडत होता. तिथे आणखी जाड ऑइल फक्त उष्णता वाढवेल.

नंतरच्या सी७ कॉर्वेटच्या सुरुवातीच्या वर्षांच्या मॅन्युअलमध्ये ट्रॅकसाठी १५डब्ल्यू-५० घालून, परत रस्त्यावर आल्यावर ५डब्ल्यू-३० करायला सांगितलं आहे. मिशिगन किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी हा दुसरा भाग थंडी पडायच्या आत उरकावा.